मूठभर धान्य, जुडीभर कोथिंबीर



लातूरला आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आम्ही आठ-दहा जणींनी बाग केली आहे. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा. पावसाळ्यात ती अशी माजते की विचारू नका, आणि नेमका तेव्हाच आपला चातुर्मास! बऱ्याच घरांत चार महिने पालेभाजी बंद. म्हणून मागच्या वर्षी ठरवलं, दहा रुपयांना एक जुडी आजूबाजूला द्यायची आणि पैसे खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींच्या मेसला द्यायचे. मुळासकट उपटत नाही, वरूनच कापतो. हिशेबाची वही माझ्याकडे; बी.कॉम. झाल्याचा तेवढाच उपयोग!

पण ऐंशीच्या काकू म्हणाल्या, "अगं, जे आपण खातच नाही, ते देण्यात दान कसलं?" मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर लक्ष्मीबाई पाटील आठवल्या.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, जन्म 1887, कुंभोजचा. 1919 साली त्यांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचं नाव दिलं गेलं. एवढ्या मुलांना खायला घालायचं कशातून? भाऊरावांनी गावोगावच्या बायकांना सांगितलं, दळायला बसाल तेव्हा मूठभर धान्य बाजूला काढा. हाच मुष्टिफंड. मला यातली हुशारी फार आवडते. त्या काळी बाईच्या हातात पैसा कुठला? पण जात्याजवळचं धान्य तिच्या हातात होतं. मूठभर द्यायला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आणि लक्ष्मीबाई? सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली बाई. सुरुवातीला त्यांना हे सगळं किती जड गेलं असेल! पण वसतिगृहातल्या पोरांची त्या आई झाल्या. धान्य संपलं की एकेक दागिना गेला, शेवटी मंगळसूत्रही. 1930 साली त्या गेल्या. संस्थेचं साताऱ्यातलं हायस्कूल 1940 साली निघालं, कॉलेज 1947 साली. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना सांगितलं, "तुमचं खरं आहे. त्या मुठीतलं धान्य घरच्यांच्या पोटातलं होतं, आपली कोथिंबीर वाया जाणारी आहे." वाटलं, काकू खूश होतील. त्या काही न बोलता आत गेल्या आणि वाटीभर तूरडाळ घेऊन आल्या. "ही लिही वहीत. मेसमध्ये नुसती कोथिंबीर कशावर घालणार त्या पोरी?"

तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत, एक बागेचा, एक घरचा. नांदेडच्या माझ्या बहिणीने मागच्या महिन्यात वही पाहिली आणि तिच्या कॉलनीसाठी तशीच आखून मागितली. घरच्या रकान्यात आत्तापर्यंत सातच नावं आहेत. माझं चौथं आहे, पहिलं नाही, हेही सांगून टाकते.