मागचे दृश्य आणि दोन सेकंदांची मुदत

मोटारीच्या मागे काय आहे, हे चालकाला पडद्यावर दाखवण्याची कल्पना जुनी आहे. १९५६ साली जनरल मोटर्सने ब्यूक सेंच्युरियन ही प्रायोगिक मोटार प्रदर्शनात मांडली. तिच्यात मागचा आरसा नव्हता. त्याऐवजी मागे दूरचित्रवाणी कॅमेरा आणि चालकासमोर छोटा पडदा होता. पुढे काही दशकांनी असा कॅमेरा बाजारातील मोटारींत आला, तो सोय म्हणून. त्याला कायद्याचे बळ दिले ते अपघातांनी.

अमेरिकेत मागे येणाऱ्या वाहनाखाली सापडणाऱ्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती आणि चालक अनेकदा घरचाच माणूस असे. अशा अपघातात दगावलेल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने तेथे २००८ मध्ये कायदा झाला. २०१४ मध्ये त्याचे नियम ठरले आणि १ मे २०१८ पासून तयार होणाऱ्या सर्व हलक्या वाहनांना मागील कॅमेरा सक्तीचा झाला. त्यात एक अट होती : रिव्हर्स गियर टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र दिसले पाहिजे. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे जाणारी मोटार तेवढ्या वेळात सुमारे पावणेतीन मीटर अंतर कापते, हे ध्यानात घेतले की या अटीचे मोल कळते.

मात्र तोवर डॅशबोर्डवरील पडदा साधा राहिला नव्हता. नकाशे, गाणी, दूरध्वनी यांसाठी त्यामागे लिनक्स किंवा अँड्रॉइडसारखी अवजड संचालन प्रणाली आली होती. ती पूर्ण बंद अवस्थेतून जागी होण्यास कित्येक सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. कॅमेऱ्यासाठी वेगळी चिप बसवली तर खर्च वाढतो. प्रणाली अर्धनिद्रित ठेवली तर बॅटरी खर्ची पडते.

उत्तर सापडले ते संगणकशास्त्राच्या जुन्या भांडारात. १९६०च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली घडवली. एकच महागडा संगणक अनेकांना वापरता यावा आणि प्रत्येकाला तो स्वतंत्र यंत्रासारखा भासावा, हा तिचा हेतू. हेच व्हर्च्युअलायझेशन. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी त्याच्या औपचारिक अटी मांडल्या. २०१० मध्ये आर्मने आपल्या प्रोसेसर-रचनेत त्यासाठी खास सोय जाहीर केली आणि हे तंत्र मोटारीतील चिपच्या आवाक्यात आले.

मोटारीत मात्र त्याचा हेतू पालटला. येथे वाटणीपेक्षा विलगीकरण महत्त्वाचे. चिपवर प्रथम हायपरव्हायजर हा छोटा नियंत्रक सुरू होतो. तो एका कप्प्यात लहानशी रिअल-टाइम प्रणाली चालवतो. कॅमेरा आणि पडद्याचा एक स्तर तिच्या ताब्यात असतो. शेजारच्या कप्प्यात अँड्रॉइड आपल्या गतीने उठत राहते. व्हर्च्युअलायझेशनने अँड्रॉइडचा वेग वाढत नाही. छोट्या कामाला मोठ्या कामाची वाट पाहावी लागत नाही, एवढेच घडते. दोन्ही कप्प्यांची स्मृती वेगळी राखली जात असल्याने अँड्रॉइड कोलमडले तरी कॅमेऱ्याचे दृश्य चालू राहू शकते. अवघड भाग उरतो तो पडदा आणि ग्राफिक्स यांच्या सामाईक वापराचा. तेथे चूक झाली तर चित्र गोठते, आणि गोठलेले चित्र कोऱ्या पडद्याहून घातक, कारण चालक त्यावर विश्वास ठेवतो.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. त्या नियमात कॅमेऱ्याची सक्ती नव्हती. सेन्सर अंतर सांगतो; मागे भिंत आहे की मूल, हे सांगत नाही. म्हणून मोटार निवडताना पडदा किती इंचांचा, याबरोबरच मोटार सुरू करताच रिव्हर्स टाकल्यास मागचे दृश्य किती सेकंदांत दिसते, हेही घड्याळ लावून पाहावे.