रत्नागिरीचा सडा आणि आपण

सदाशिव पेठेतील कित्येक ज्ञातिबांधवांच्या घरी कुळाचा इतिहास निघाला म्हणजे तो बहुधा १७१३ सालापासून, श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांस पेशवाईची वस्त्रे मिळाली तेथून, सुरू होतो. घाट चढण्यापूर्वीचे कोकण कुलदैवताच्या नावापुरते उरते. त्या भूमीचा इतिहास मात्र आपल्या आडनावांहून फार प्राचीन आहे, याचे स्मरण आम्ही येथे करून देऊ इच्छितो.

रत्नागिरी जिल्ह्यात खाड्या आणि नारळी-पोफळीच्या आगरांच्या वर जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. त्यांस सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो काळाठिक्कर, ओसाड. पावसाळा सरता सरता मात्र सीतेच्या आसवांनी निळाजांभळा होतो. याच कातळावर अज्ञात मानवांनी चित्रे कोरून ठेवली आहेत. काशेळी येथे प्रचंड हत्तीच्या आकृतीत अनेक प्राणी सामावले आहेत. अन्यत्र, आज कोकणात कोठेही न आढळणारा गेंडाही दिसतो. काही चित्रे इसवी सनापूर्वी सुमारे १०,००० वर्षांची असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या परंपरेची नऊ स्थळे समाविष्ट झाली. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे आदी सात स्थळे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत.

हा ठेवा राखला कोणी? गावी राहिलेल्यांनी. देवीहसोळ येथे आर्यादुर्गेच्या उत्सवात तेथील कातळचित्रास मान असतो. उक्षीच्या हत्तीभोवती ग्रामस्थांच्या सहकार्याने संरक्षक कठडा उभा राहिला.

आपला संबंध येतो तो येथेच. पुष्कळ सडे खासगी मालकीचे असून त्यांच्या सातबाऱ्यावर पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्यांची नावे आहेत. आम्हीही आमच्या सामाईक वाट्याकडे आजवर ‘नापीक कातळ’ म्हणूनच पाहिले, हे कबूल केले पाहिजे. असा कातळ चिरेखाणीस देण्यास एक सही पुरते. पुढे ते चित्र कोणाच्या तरी कुंपणाचा चिरा होते, आणि गेलेले चित्र पुन्हा कोरता येत नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती इतकीच : सही करण्यापूर्वी एकवार सडा पायांखाली घालावा, गावातील वडीलधाऱ्यांस विचारावे, आणि मुलांनाही सोबत न्यावे. कुलदैवताच्या दर्शनास आपण जातोच. सडा तेथून फार दूर नसतो.