खाऱ्या मुलखातली तळी

मीरा-भाईंदरचा इतिहास विचारला की माणसं किल्ल्याकडे बोट दाखवतात. घोडबंदरचा पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी खाडीपलीकडची वसई जिंकली. हे सगळं खरं आहे आणि पुष्कळ वेळा लिहून झालेलं आहे. मला मात्र गेली काही वर्षं वेगळाच प्रश्न सतावतो आहे. किल्ल्याला रसद पुरवणारी, मीठ पिकवणारी, मासे मारणारी माणसं इथे पाणी कुठलं पीत होती?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला आज राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले डोंगर. मधली बरीचशी जमीन खाजणाची. भरतीचं पाणी आत घेतलं तर मिठागर, बांध घालून बाहेर ठेवलं तर भाताचं शेत. आगरी हे नावच ‘आगर’ या शब्दाशी जोडलं जातं. पाऊस चार महिने धो धो कोसळतो, पण तो खाडीत वाहून गेला की पुढचे आठ महिने चहूकडे खारट. म्हणून गावठाण तिथेच बसलं, जिथे पावसाचं पाणी अडवता आलं. नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धे, काशी या गावांची नावं घेतली की त्यांची तळीही आठवतात, ती यामुळे. खारी आणि गोडदेव ही नावं एकाच भाईंदर पूर्वेत ऐकली की कान टवकारतात. व्युत्पत्तीचा दावा मी करत नाही, पण या जोडीने मला तळ्यांच्या मागे लावलं हे कबूल करतो. काशीगावच्या तळ्याला तर जरीमरीचं नाव आहे. जरीमरी म्हणजे पटकीसारख्या साथींची देवी. पाणी आणि साथ यांचं नातं गावाने काठावरच ओळखून ठेवलं होतं म्हणायचं.

तळं म्हणजे नुसता पाण्याचा साठा नव्हे. त्यात झिरपणाऱ्या पाण्यावर आसपासच्या विहिरी गोड राहत. गुरं, धुणी, गणपती, सगळं तिथेच. उन्हाळ्यात पाणी आटलं की कोकणपट्टीतल्या रीतीप्रमाणे गाळ उपसायचा आणि शेतात पसरायचा. नवघरच्या एका आजींनी मला सांगितलं, की लहानपणी त्यांच्या डोक्यावर पहिली पाटी चढली ती गाळाची, मिठाची नंतर. या एका कामात दोन कामं होत. शेताला खत मिळे आणि तळं खोल राही. तळ्याची देखभाल असं वेगळं खातं कुणाला लागलं नाही, कारण शेती हेच ते खातं होतं.

हे मोडलं ते तळ्यापासून नव्हे, शेतापासून. मुंबईत न मावणारी माणसं लोकलच्या आधाराने उत्तरेकडे सरकली; आमचंही बिऱ्हाड त्यातलंच. ग्रामपंचायती एकत्र होऊन १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. जनगणनेत १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ला ५ लाख २० हजारांवर आणि २०११ला ८ लाखांच्या वर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त! शेतं इमारतींखाली गेली. पाणी शहाड-टेमघरहून, उल्हास नदीचं, नळाने येऊ लागलं. तेही कधी पुरलं नाही. आमच्या चाळीसारख्या इमारतीत टँकरची शिटी वाजली की आई हातातली पोळी तव्यावर टाकून बादल्या घेऊन धावायची, आणि गावठाणातली तळी तेव्हा चालत दहा मिनिटांवर होती. तिथे पाणी असतं हे आम्हा नव्या लोकांच्या मनातही आलं नाही. आता पालघरच्या सूर्या धरणातून शहरासाठी रोज २१ कोटी ८० लाख लिटरची योजना आखलेली आहे.

बिनकामाची झालेली तळी बुजली नाहीत, याचं श्रेय मी गणपतीला देतो. विसर्जनाला जागा हवी, म्हणून पाणी राहिलं. पण एक उलटापालट झाली. पूर्वी दरवर्षी तळ्यातून काहीतरी बाहेर निघे, आता दरवर्षी आत पडतं. शाडू विरघळतो, प्लास्टर ऑफ पॅरिस तळाशी बसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०च्या नियमावलीत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, तोवर कित्येक वर्षांचे थर बसले होते. काठाला भिंत आली, फरसबंदी आली, सकाळी चालणारे आले. समोरच्या टॉवरच्या जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ आला, आणि तळ्याला पहिल्यांदाच चौरस फुटात किंमत मिळाली.

आजींना घेऊन गेल्या एप्रिलमध्ये मी एका तळ्यावर गेलो, तर नेमका गाळ उपसणं चालू होतं. यंत्र भरत होतं, डंपर रांगेत उभे. आजी कठड्याला धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “कुणाच्या शेतात नेतोस रे?”

“डंपिंगला, आजी,” तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.