जिमखान्याची कुळकथा

‘जिमखाना’ हा शब्द इंग्रजी कोशांत सापडतो, पण त्याचा जन्म हिंदुस्थानातला. ‘गेंदखाना’ म्हणजे चेंडू खेळण्याची जागा. साहेबाच्या तोंडी त्यातल्या ‘गेंद’चा, बहुधा ‘जिम्नॅस्टिक्स’च्या ओढीने, ‘जिम’ झाला. दवाखान्या-कारखान्यातला फारसी ‘खाना’ मात्र तसाच राहिला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशाने रुरकीत १८६१ साली स्थापन झालेला जिमखाना हा पहिला म्हणून नोंदवला आहे. गावातल्या गोऱ्या वस्तीने खेळायला आणि भेटायला जमण्याचे ठिकाण, एवढाच तेव्हाचा अर्थ.

चेन्नईत हा शब्द १८८४ मध्ये मद्रास जिमखाना क्लबच्या रूपाने रुजला. क्लबची जागा कूवम नदीने वेढलेल्या ‘आयलंड’वर, गोल्फ मात्र गिंडीच्या रेसकोर्सच्या आतल्या मैदानात खेळला जाई. अशा क्लबांनी खेळाबरोबर साहेबी पोशाखाचे नियमही जपले. इंग्रज गेले, नियम टिकले. वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेल्याला दारातून परत पाठवण्याची चाल शहरातल्या काही क्लबांत २०१४ पर्यंत होती. एका न्यायाधीशालाच तसा अनुभव आल्यावर तमिळनाडू विधानसभेने त्या वर्षी कायदा करून ती बंद केली. वेष्टीमुळे प्रवेश नाकारल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजारांपर्यंत दंड. धोतरासाठी कायदा करावा लागणे ही जरा गमतीचीच गोष्ट.

मुंबईत बॉम्बे जिमखाना १८७५ चा, केवळ युरोपियनांसाठी. मग पारशी, हिंदू, मुसलमान अशा एकेका समाजाने आपापला जिमखाना काढला. ज्या बॉम्बे जिमखान्यात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते, त्याच्याच मैदानावर डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी शतक ठोकले.

पुण्यात शब्दाने वेगळेच वळण घेतले. १९०६ च्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळही मैदानात आणले. खो-खोचे नियम बांधण्याचे काम तिथे १९१४ मध्ये सुरू झाले. पुढे संस्थेचे नाव वस्तीला मिळाले आणि पुणेकरांनी ते ‘डेक्कन’ एवढ्यावर आणले. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मात्र जिमखाना म्हणजे कॅरम, टेबल टेनिस आणि फीच्या पावतीवरचे एक कलम.

इंग्लंडमध्ये पोहोचलेला शब्द घोड्यावर बसला. तिथे जिमखाना म्हणजे मुलांच्या तट्टूशर्यतींचा आणि घोडेस्वारीच्या खेळांचा मेळा. मोटारी आल्यावर खांबांमधून गाडी वळवत नेण्याच्या स्पर्धेलाही तेच नाव पडले.