दाढीचा फेस: वडी की ट्यूब?

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात कोलगेट कंपनी अमेरिकेतल्या मासिकांतून एक विलक्षण जाहिरात देत असे. दाढीच्या फेसासाठी ही कंपनी तीन वस्तू विकायची: साबणाची कांडी, पूड आणि ट्यूबमधलं क्रीम. जाहिरातीत ती गिऱ्हाइकाला सरळ सांगे की क्रीमपेक्षा पूड जास्त पुरते आणि पुडीपेक्षाही कांडी जास्त पुरते. तिन्ही आम्हीच बनवतो, म्हणून हा सल्ला निःपक्षपाती आहे, असंही त्यात लिहिलेलं असे.

सल्ला खरा होता. तरीही पुढच्या काळात दुकानांतल्या फळ्या भरल्या त्या क्रीमच्या ट्यूबांनीच. दाढीचा साबण मागे पडला तो गुणांत कमी होता म्हणून नव्हे. सकाळची मिनिटं महाग झाली, म्हणून तो मागे पडला.

मुळात साबणाची वडी आणि क्रीम या दोन वस्तू एकमेकींना परक्या नाहीत. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की फुगतो आणि मऊ पडतो. साबण केसावरचा तेलकट थर काढतो, फेस ते पाणी गालावर धरून ठेवतो आणि पात्याला सरकायला वाट देतो. अंगाच्या साबणाचा फेस या कामाला पुरत नाही, कारण तो लगेच बसतो. दाढीच्या साबणाला स्टिअरिक आम्ल भरपूर लागतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल याने चरबीची घडण उलगडून १८२३ साली आपला ग्रंथ छापला, तेव्हा ज्या आम्लांची ओळख पटली त्यांतलंच हे एक. या आम्लाने बुडबुडे बारीक, दाट आणि टिकाऊ होतात. खोबरेल तेलाने फेस चटकन उठतो, पण तो विरळ असतो. म्हणून साबण करणारे दोन्ही वापरतात.

राहिला क्षार. सोड्याने साबण घट्ट होतो, पोटॅशने मऊ आणि लवकर विरघळणारा. वडीत बहुधा दोन्ही असतात. क्रीममध्ये पोटॅशचा भाग मोठा, शिवाय पाणी आणि ग्लिसरीन जास्त. कोरडं पीठ आणि मळून ठेवलेली कणीक यांच्यात जेवढा फरक, तेवढाच या दोघांत. वडीवर ब्रश घोळवण्याचे जे कष्ट माणूस न्हाणीघरात घेतो, त्यातले बरेचसे क्रीमच्या बाबतीत कारखान्यानेच उरकलेले असतात.

दाढीसाठी वेगळा साबण कारखान्यात बनवून विकण्याच्या धंद्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचं नाव पुढे आहे. जेम्स विल्यम्स याने १८४० मध्ये मँचेस्टर गावी सुरुवात केली आणि १८४७ मध्ये तो ग्लास्टनबरीला गेला. त्याचा ‘जेन्युइन यांकी सोप’ पेल्यात ठेवून वापरायचा असे. पुढे हा पेला अमेरिकी केशकर्तनालयांचा मानबिंदूच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पेले भिंतीवरच्या फडताळात ओळीने मांडलेले असत. त्यांवर सोनेरी अक्षरांत नाव, काहींवर धंद्याचं चित्रही: खाटकाचा बैल, रेल्वेवाल्याचं इंजिन. एकाच्या पेल्यातला साबण दुसऱ्याच्या तोंडाला लागू नये, ही त्यामागची मोठी काळजी. साबणाच्या एका गोल वडीभोवती इतकी माया आणि इतकी शिस्त उभी राहावी, हे लोभस आहे.

ही व्यवस्था मोडली दोन शोधांनी, आणि त्यांतला एक चित्रकाराचा होता. जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये दाबून रंग काढता येईल अशा कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. रंगामागून दंतमंजनाची पेस्ट तिच्यात शिरली आणि दाढीचं क्रीमही. दुसरा शोध किंग कँप जिलेट याचा. त्याचा सेफ्टी रेझर १९०३ मध्ये बाजारात आला आणि पहिल्या वर्षी जेमतेम ५१ विकले गेले. महायुद्धात मात्र अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी तब्बल ३५ लाख घेतले. लढाईवरून परतलेला तरुण स्वतःची दाढी स्वतः करायला शिकूनच आला होता. त्याला पेला नको होता. पिशवीत मावेल, सांडणार नाही, चटकन फेसाळेल असं काही हवं होतं.

क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातकाराने ही गरज अचूक हेरली. पामोलिव्हच्या दाढीच्या क्रीमसाठी त्याने गोलगोल विशेषणं टाकून आकडे दिले: फेस २५० पट होतो, दाढी एका मिनिटात मऊ पडते, फेस चेहऱ्यावर दहा मिनिटं टिकतो. १९२३ च्या ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात त्याने हेच दावे नमुना म्हणून मांडले. चांगल्या साबणाचा फेसही दहा मिनिटं सहज टिकतो. पण साबणवाल्यांपैकी कोणी ते आकड्यांत बोललं नव्हतं, आणि बाजी हॉपकिन्सने मारली.

इटलीत या भांडणाला तिसरी वाट फुटली. मिलानची ‘चेल्ला’ १८९९ पासूनची. तिचा बदामतेलाचा साबण लोण्याहून थोडा घट्ट असतो. एक किलोची वीट घ्यायची, लागेल तेवढा तुकडा वाटीत दाबून बसवायचा. वडीसारखा तो पुरतो आणि क्रीमसारखा लगेच फेसाळतो. या तिघांत सर्वांत शहाणा साबण हाच म्हणावा लागेल.

मुंबईत प्रश्न निराळा होता, तो चरबीचा. विलायती साबणांत प्राण्यांची चरबी सर्रास असे, आणि अनेक घरांना ती चेहऱ्याला लावणं रुचत नसे. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण आणला. पुढे याच घराण्याचा दाढीचा गोल साबण कित्येक घरांतल्या आरशाखाली दिसू लागला.

आज निवड करताना पाणीही पाहावं लागतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस चोथ्यासारखा फाटतो. क्रीमही साबणच, त्यामुळे त्यालाही हे चुकत नाही; पण ट्यूब आणखी दाबली की भागतं, वडीवर मात्र ब्रश दुप्पट वेळ घोळवावा लागतो. बोअरवर राहणाऱ्याने क्रीम घ्यावं. धरणाचं मऊ पाणी आणि सकाळी पाच मिनिटं ज्याच्या हाताशी आहेत, त्याने वडी घ्यावी: ती महिनोन्‌महिने पुरते आणि फेकायला ट्यूब उरत नाही. सलूनमधल्या कारागिराची गोष्ट वेगळी. त्याच्या खुर्चीत दिवसभर माणसं बदलतात. ओली वडी सगळ्यांत फिरवण्यापेक्षा ट्यूबमधून दर वेळी ताजं क्रीम घेणंच त्याच्यासाठी योग्य आहे.