संगणकाचा प्रारंभदोष
आलेखिकी कार्ड, म्हणजेच ग्राफिक्स कार्ड, नव्याने बसविल्यावर वा बदलल्यावर मेजावरील संगणक सुरू न होणे, किंवा सुरू होऊनही पडद्यावर चित्र न उमटणे, यास येथे प्रारंभदोष म्हटले आहे. पडदा काळा राहिला म्हणजे यंत्र बिघडले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः पुष्कळ प्रसंगी यंत्र व कार्ड हे दोन्ही निर्दोष असून त्या दोहोंचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कशाकशावर अवलंबून असतो, याचे ज्ञान टप्प्याटप्प्याने होत गेले व त्यानुसार दोषनिदानाची पद्धतीही बदलत गेली.

प्रारंभीचा काळ : आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यासाठी एकरंगी व रंगीत अशी दोन दृश्य-कार्डे उपलब्ध होती. यांपैकी कोणते कार्ड बसविले आहे, हे मदरबोर्डावरील बारीक स्विचांच्या साहाय्याने यंत्रास सांगावे लागे. चालू केल्याबरोबर यंत्र स्वतःच्या घटकांची कसोटी घेई आणि दृश्य-कार्डात दोष आढळल्यास एक दीर्घ व दोन ऱ्हस्व ध्वनी काढी. पडदाच बंद असताना दोष कळविण्याचे ध्वनी हे एकमेव साधन होते. पुढे इतर कंपन्यांनीही ध्वनिसंकेतांची पद्धत उचलली. मात्र प्रत्येकीचे संकेत वेगळे राहिल्याने मदरबोर्डाची पुस्तिका पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते.

१९८४ मध्ये ईजीए हे अधिक क्षमतेचे कार्ड आले, तेव्हा या दोषाचे एक बोधप्रद उदाहरण घडले. या कार्डावर स्वतःची कायम स्मृती होती व तीतील आज्ञावली संगणकाने प्रारंभी शोधून काढणे आवश्यक होते. १९८१ च्या यंत्रांतील मूळ बायॉसमध्ये असा शोध घेण्याची सोयच नव्हती. ती २७ ऑक्टोबर १९८२ या दिनांकाच्या आवृत्तीत आली. परिणामी जुन्या यंत्रात नवे कार्ड बसविल्यास पडदा काळा राही. कार्ड उत्तम, यंत्रही उत्तम. उणीव होती ती बायॉसच्या चकतीत. ती चकती बदलताच यंत्र चालू होई. याच यंत्राचा विद्युत् पुरवठा केवळ ६३.५ वॅट होता. १९८३ च्या एक्सटी या यंत्रात तो १३० वॅट करण्यात आला. विस्तार-खाचांत कार्डे वाढवीत गेल्यास पुरवठाही वाढवावा लागतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

भारतीय लिप्या व कार्ड : भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक-धोरणानंतर वैयक्तिक संगणकांचा प्रसार वाढला. तथापि त्यांच्या पडद्यावर मराठी अक्षर उमटत नव्हते. ही उणीव दूर करणारे तंत्र कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आकारास आले व १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते ‘जिस्ट’ कार्डाच्या रूपाने पुढे नेले. या कामात मोहन तांबे यांचा प्रमुख वाटा होता. विस्तार-खाचेत हे कार्ड बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतही देवनागरी अक्षरे दिसू लागत. म्हणजे त्या काळी संगणकात कार्ड घालणे हा केवळ चित्र सुधारण्याचा प्रश्न नव्हता. आपली भाषा यंत्रावर येते की नाही, हे त्यावर ठरत असे. त्या पिढीच्या कार्डांचे पत्ते सामान्यतः जंपर नावाच्या लहान जोडण्यांनी ठरवावे लागत. दोन कार्डांना एकच पत्ता मिळाल्यास यंत्र अडून बसे. म्हणून एकेक कार्ड काढून पाहणे ही निदानाची मुख्य रीत बनली. पुढे युनिकोड व विंडोज यांच्या प्रसारामुळे लिपीसाठी स्वतंत्र कार्डाची गरज उरली नाही.

खाच, व्होल्टता व शक्ती : १९९२ मध्ये पीसीआय ही जोडणी आली व पत्ते ठरविण्याचे काम यंत्र स्वतःच करू लागले. १९९६ मध्ये आलेखिकीसाठी एजीपी ही स्वतंत्र खाच निश्चित झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत ३.३ व्होल्ट व दुसरीत १.५ व्होल्ट वापरण्यात आले. चुकीचे कार्ड बसू नये म्हणून खाचेत आडवे खुंट ठेवले होते. तरीही काही कार्डांच्या कडा नियमाप्रमाणे कापलेल्या नसल्याने मदरबोर्डाची हानी होण्याचे प्रकार घडले. २००३ नंतर पीसीआय एक्सप्रेस रूढ झाली. तिच्या मोठ्या खाचेतून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट शक्ती मिळते. त्याहून अधिक लागल्यास सहा टाचण्यांच्या जोडणीतून आणखी ७५ वा आठ टाचण्यांच्या जोडणीतून १५० वॅट घ्यावे लागतात. ही जोडणी विसरणे हे प्रारंभदोषाचे नित्याचे कारण होय.

पुरवठा-पेटीवरील एकूण वॅटसंख्या ही निरनिराळ्या व्होल्टतांच्या रेषांची मिळून असते. कार्ड व प्रक्रियक यांचा मुख्य भार मात्र १२ व्होल्टच्या रेषेवर पडतो. उदा., पेटीवर १२ व्होल्टसाठी १८ अँपिअर लिहिले असल्यास त्या रेषेची शक्ती २१६ वॅट होते. १५० वॅटचे कार्ड व ९५ वॅटचा प्रक्रियक यांची गरज २४५ वॅट होते. एकूण अंक मोठा दिसत असूनही असे यंत्र सुरू होताना वा ताण पडताच बंद पडते.

निदानाची रीत : प्रथम दोषाचा प्रकार ठरवावा. (१) यंत्रात काहीच हालचाल नसल्यास पुरवठा, त्याच्या जोडण्या व लघुमंडल यांचा संशय घ्यावा. (२) पंखे फिरतात पण चित्र नाही, असे असल्यास मॉनिटरची केबल नव्या कार्डास जोडली आहे की चुकून मदरबोर्डावरच राहिली आहे, कार्ड खाचेत पूर्ण बसले आहे काय व जादा वीजजोडणी दिली आहे काय, हे याच क्रमाने पाहावे. (३) प्रारंभीची अक्षरे दिसून विंडोज उघडताना पडदा काळा होत असल्यास दोष बहुधा चालक-आज्ञावलीचा असतो. सुरक्षित स्थितीत यंत्र उघडून ती बदलावी.

दुसऱ्या प्रकारात उलगडा न झाल्यास नवे कार्ड काढून जुने बसवावे, किंवा प्रक्रियकात आलेखिकीची सोय असल्यास मॉनिटर मदरबोर्डास जोडावा. यंत्र सुरू झाले तर मदरबोर्ड, रॅम व प्रक्रियक शाबूत आहेत हे सिद्ध होते. मग बायॉसची नवी आवृत्ती घालणे, साठविलेली मांडणी पुसून मूळ स्थितीत आणणे, अधिक शक्तीचा पुरवठा लावून पाहणे व शेवटी कार्ड दुसऱ्या यंत्रात तपासणे, असा क्रम ठेवावा. युईएफआय पद्धतीच्या यंत्रात जुन्या कार्डांना लागणारी सोय बंद असल्यास पडदा काळा राहतो. १९८४ चा ईजीएचा प्रसंगच येथे नव्या रूपात दिसतो. एका वेळी एकच बदल करावा. यंत्राची वायर भिंतीतील सॉकेटातून काढल्याशिवाय आत हात घालू नये आणि पुरवठा-पेटी उघडू नये. वीज तोडल्यावरही तीतील धारित्रांत घातक विद्युत् भार राहू शकतो.

गोंदिया जिल्हा : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रात तालुक्यांपर्यंत संगणक-शिक्षण पोहोचले. त्यात संगणक वापरण्यावर भर होता. यंत्र उघडून दोष शोधणे ही वेगळी विद्या आहे. देवरी, सालेकसा वा अर्जुनी मोरगाव येथील विद्यार्थ्यास किंवा दुकानदारास मोठी बाजारपेठ म्हणजे नागपूर. गोंदियापासूनच ते रेल्वेने सु. १३० किमी. आहे. निदान चुकले तर निर्दोष कार्ड परत करण्यात वा निर्दोष मदरबोर्ड बदलण्यात पैसा व दिवस दोन्ही जातात. विदर्भातील उन्हाळ्याचे तापमान व भात गिरण्यांच्या परिसरातील धूळ यांमुळे पंखे व जोडण्या स्वच्छ ठेवण्यास येथे विशेष महत्त्व आहे.

अलीकडील स्थिती : २०२२ मध्ये ६०० वॅटपर्यंत शक्ती वाहणारी सोळा टाचण्यांची जोडणी आली. त्याच वर्षी ती वितळल्याच्या तक्रारी पुढे आल्या; प्लग अपुरा बसणे हे त्यांचे एक प्रमुख कारण आढळले. २०२३ च्या सुधारित रचनेत संवेदक टाचण्या आखूड करण्यात आल्या, जेणेकरून प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्डाने शक्ती घेऊ नये. अशा यंत्राचे सुरू न होणे हा बिघाड नसून संरक्षण असते. १९८१ च्या ध्वनिसंकेतापासून येथपर्यंतचा इतिहास पाहता, न चालणारे यंत्र बहुधा आपले कारण सांगत असते. त्याची खूण ओळखणे हेच दोषनिदानाचे सार होय.