विद्यार्थ्यांचा आकाशकंदील

दर दिवाळीत आमच्या घरी कामट्यांचा आकाशकंदील करतात. नातवंडांचे सारे भांडण झिरमिळ्यांवरून. सांगाडा, दोरा, दिव्याची वायर यांकडे कोणाचेच लक्ष नसते. यंदा ते पाहून मला मेलबर्नच्या विद्यार्थ्यांची हकिगत आठवली.

१९६६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी एक उपग्रह करावयास घेतला. वजन अवघे १७.७ किलो. जगभरच्या हौशी रेडिओप्रेमींना ऐकू येतील असे संदेश त्याने पाठवायचे होते. परंतु संदेश पाठविणारे यंत्र वर जगवायचे कसे? त्यावर सौरघट नव्हते. सारी भिस्त पोटातल्या बॅटऱ्यांवर. त्या संपल्या की बदलायला कोण जाणार?

तेव्हा काटकसर आली. गरगरणाऱ्या उपग्रहाला आवरण्यासाठी त्यांनी कायमचा चुंबक बसविला. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळून राहतो आणि वीज मुळीच खात नाही. अँटेनासाठी सुताराच्या मोजपट्टीतली पोलादी पट्टी घेतली. गुंडाळावी, सोडताच ताठ व्हावी. दोन प्रक्षेपकांपैकी एक जमिनीवरून हुकूम देऊन बंद-चालू करता येई. वीज वाचावी म्हणून तो शनिवार-रविवारीच चालवीत. हौशी उपग्रहाने असा हुकूम पाळण्याची ती पहिलीच वेळ.

१९६७ च्या जूनमध्ये उपग्रह अमेरिकेस पोहोचला. पण अग्निबाणावर जागा मिळेना. अडीच वर्षे गेली. अखेर २३ जानेवारी १९७० रोजी एका हवामान-उपग्रहाच्या सोबतीने तो कॅलिफोर्नियातून वर गेला. आणि 'ऑस्ट्रेलिस-ऑस्कर ५' बोलू लागला! चुंबकाने दोन आठवड्यांत त्याची गिरकी चाळीसपट मंद केली. ४६ दिवसांनी बॅटऱ्या संपल्या आणि तो मुका झाला. पृथ्वीभोवती मात्र अजून फिरतोच आहे.

हीच चुंबकाची युक्ती पुढे आपल्या पुण्यातही कामी आली. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २००८ साली हाती घेतलेला, जेमतेम किलोभर वजनाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. तोही चुंबकाच्याच आधाराने दिशा सांभाळणारा. मधल्या आठ वर्षांत आधीची मुले पदवी घेऊन गेली. त्यांनी आखलेले काम मागून आलेल्यांनी तडीस नेले. ज्यांनी प्रारंभ केला त्यांच्या हातून शेवट झाला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

नातवंडांना मी हे सारे सांगितले. धाकट्याने झिरमिळ्या बाजूला ठेवल्या आणि कामट्यांची गाठ ओढून पाहिली. ती सैल होती.